'जाववत असेल तर जा': एका हंगेरियन क्रियापदाचं मराठी

विचारणा: रेमेन्यिक शांदोर या हंगेरियन कवीच्या एका कवितेचं मराठी करते आहे आणि शीर्षकावरच अडले आहे. मूळ शब्द तीनच: 'एरेद्य, हॉ तुत्स'. पहिल्या दोघांचा अर्थ 'जा, जर'. तिसऱ्याचे कोशात दोन अर्थ सापडतात: 'जाणणे' आणि 'शकणे'. 'जाऊ शकत असशील तर जा' असं करून पाहिलं. पार कोरडं वाटतं.

प्रतिसाद: कोरडं वाटणारच, कारण 'शकणे' म्हटलं की पासपोर्ट आहे का, गाडी मिळेल का, असले प्रश्न डोळ्यांपुढे येतात. कवीचा प्रश्न तो नाही. रेमेन्यिक (हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं) 1890 साली कोलोझवारला, म्हणजे आजच्या क्लूजला जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग, म्हणजे तोवर हंगेरीत असलेला ट्रान्सिल्व्हेनिया, रुमानियाकडे गेला, 1920 च्या त्रियानों तहाने त्यावर शिक्का बसला, आणि तिथले हंगेरियन आपल्याच गावात अल्पसंख्याक झाले. लाखो माणसं घरदार सोडून हंगेरीत निघाली. कित्येकांनी तिकडे रेल्वेच्या डब्यांत दिवस काढले. निघालेल्या अशा माणसाला उद्देशून ही कविता आहे. बोलणारा स्वतः मागे राहणार आहे.

विचारणा: मग 'येणे' कसं वाटतं? हंगेरियनमध्ये 'मला पोहता येतं' आणि 'मला हंगेरियन येतं' या दोन्ही ठिकाणी हेच क्रियापद असतं, अगदी आपल्या 'येतं'सारखं.

प्रतिसाद: जोडी सुरेख आहे, पण 'जाता येत असेल तर जा' म्हटलं की पुन्हा वाट मोकळी आहे का, एवढंच उरतं. आपल्याकडे याहून नेमकं हत्यार आहे: शक्य क्रियापद. चालवतं, बघवत नाही, खाववत नाही. माझ्या आजीला मुंबईला आणायचं ठरलं तेव्हा सामान बांधून झालं होतं, टेम्पो दारात उभा होता, आणि ती उंबऱ्यावर बसून म्हणाली, 'मला नाही रे घर सोडवत.' पाय धड होते तिचे. तेव्हा 'जाववत असेल तर जा' असं करा. यात अडवणूक नाही, परवानगीही नाही. मन धजतंय का, तेवढंच विचारलंय.

विचारणा: वाचताना अंगावर काटा आला. हेच ठेवते. 'लेहेत' या शब्दाचंही विचारायचं होतं.

प्रतिसाद: त्या शब्दावरून तर तिथे मोठा वाद झाला. मॉक्कॉइ शांदोर हे ट्रान्सिल्व्हेनियातल्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चचे बिशप. 1936 मध्ये ते हंगेरीला गेले आणि 1937 मध्ये त्यांनी लेख लिहिला, 'नेम लेहेत'. अल्पसंख्याक म्हणून जगणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'लेहेत'ला कर्ता लागत नाही. 'नेम लेहेत' म्हणजे 'शक्य नाही', आणि पाटीवर लिहिलं तर 'मनाई आहे'. आपल्या 'करता येणार नाही'मध्येही हे दोन्ही अर्थ असतात. रेमेन्यिकनं उत्तर दिलं: 'लेहेत, मेर्त केल'. 'केल' म्हणजे पाहिजे, लागतं, भाग आहे. मी याचं मराठी 'जमतं, कारण जमवावंच लागतं' असं करीन. त्याच काळातल्या त्याच्या एका कवितेचं नाव 'ऑहोद्य लेहेत' आहे. त्याला आपलं रोजचं 'जमेल तसं' पुरेसं आहे, सजवू नका.

विचारणा: आणि 'वेग्वारी' हे टोपणनाव?

प्रतिसाद: 'वेग' म्हणजे शेवट, सीमा, 'वार' म्हणजे गड, कोलोझवारमधला तोच. सरहद्दीच्या गडावरचा माणूस. या नावानं लिहिलेल्या त्याच्या कविता लोक हातानं उतरवून एकमेकांना देत. नाव भाषांतरित करू नका, तळटीप द्या. त्या टिपेत एक तारीखही घाला: 30 ऑगस्ट 1940. जर्मनी आणि इटलीने दिलेल्या दुसऱ्या व्हिएन्ना निवाड्याने त्या दिवशी कोलोझवार पुन्हा हंगेरीला मिळालं, आणि त्याच दिवशी रेमेन्यिकला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला, कोलोझवारातच.