मदत हवी आहे: बेदाणा निर्जीव असतो, तर पाण्यात फुगतो कसा?

नमस्कार. आठवीतल्या मुलीला परासरण शिकवताना मीच अडकले आहे, म्हणून हा धागा काढला.

पेशीपटल पाण्याला जाऊ देते, साखरेसारख्या विरघळलेल्या पदार्थांना मात्र अडवते, आणि म्हणून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते, इथपर्यंत आम्हा दोघींना समजले आहे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले की पाणी सुटते, हे उदाहरण तर तिने स्वतःच दिले. घोटाळा त्यापुढे झाला.

सोललेल्या कच्च्या बटाट्यात खळगा करून त्यात चमचाभर साखर घातली आणि बटाटा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवला. काही तासांत खळग्यात पाणी भरले. उकडलेल्या बटाट्यातली साखर नुसती ओलसर झाली. उष्णतेने पटल फाटते आणि मग परासरण होत नाही, असे मी ठामपणे सांगितले. त्यावर तिचा प्रश्न आला, की महिनोन्‌महिने डब्यात पडलेल्या बेदाण्याचे पटल तरी कुठे धड असते? म्हणून 10 ग्रॅम बेदाणे उकळून रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी निथळून वजन केले, तर 17 ग्रॅम भरले. न उकळलेलेही जवळपास तेवढेच फुगले होते.

परीक्षेत काय लिहायचे हे तिला ठाऊक आहे. मला खरे कारण हवे आहे. बेदाण्याचे फुगणे हे परासरण आहे की दुसरेच काही?

प्रतिसाद १

मुलीची शंका अगदी रास्त आहे. आमचे तासगाव भागात बेदाण्याचे शेड आहे. तिथे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो आणि जाळीवर पसरलेला माल साधारण दोन आठवड्यांत वाळतो. द्राक्षातले सुमारे 80 टक्के पाणी बेदाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास येते. इतके वाळल्यावर पेशीपटले शाबूत राहत नाहीत.

तरीही तो फुगतो, याला दोन कारणे आहेत. पेशीभित्तिकेतले सेल्युलोज आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात. याला अंतःशोषण म्हणतात आणि त्यासाठी पेशी जिवंत असण्याची गरज नसते. शिवाय बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ती सालीतून सावकाश बाहेर पडते, पाणी मात्र त्यामानाने लवकर आत शिरते. म्हणजे साल हे गळके पटल समजा. परासरणाशी साम्य आहे, पण पाठातल्या चोख पटलासारखे ते नाही. भिजवलेले पाणी चाखून पाहा. पटल धड असते तर ते गोड लागले नसते.

जिवंत पटल पाहायचे असेल तर बीट घ्या. कच्च्या फोडी दोन-तीनदा धुऊन गार पाण्यात ठेवल्या तर पाण्याला फारसा रंग चढत नाही, कारण रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलाने वेढलेल्या पिशवीत, कोंडलेला असतो. त्याच फोडी उकळा, पाणी लालभडक होईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. वाटीतले पाणी अजून ओतले नव्हते. दोघींनी चाखले, चांगलेच गोड आहे. बीट उद्या आणते. तिने लगेच पुढचा प्रश्न काढला आहे: भिजवलेल्या हरभऱ्याला मोड येतात, म्हणजे तो वाळलेला असूनही त्याची पटले टिकून राहतात. मग द्राक्षाला जे जमत नाही, ते हरभऱ्याला कसे जमते?