हुरहूर, रुखरुख की चुटपुट?

मधली_आळी: पॅट्रिक ओब्रायनच्या जॅक ऑब्री-स्टीफन मॅट्युरिन ह्या ब्रिटिश आरमारावरच्या कादंबरीमालिकेतला विसावा भाग, 'ब्लू ॲट द मिझन' (१९९९), परवा संपवला. सहा वर्षं पुरवून पुरवून वाचत होतो. सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी चार ओळी खरडल्या, त्यात 'पुस्तक मिटलं आणि रुखरुख लागून राहिली' असं लिहिलं तर एका काकूंनी सगळ्यांदेखत सांगितलं, रुखरुख नाही, हुरहूर. आपल्या हातून काही राहिलं तर रुखरुख, तुमच्या हातून काय राहिलं? उत्तरच सुचेना. बरं आनंदही आहे, शेवटच्या पानांत जॅकला एकदाचं ॲडमिरलपद मिळतं, पण पुस्तक पातळ आहे, उरकल्यासारखं. ह्या सगळ्याला मिळून शब्द काय?

लोणचेवाली: काकू बरोबर. आई मला हॉस्टेलवर सोडून परत निघायची तेव्हा तिला हुरहूर, आणि डब्यात लोणचं द्यायचं राहिलं ह्याची रुखरुख. दोन्ही एकाच एसटीत.

टिळकरोड: पातळ निघालं म्हणताय तर ती चुटपुट. लग्नाला गेलो, जेवलो, आमच्या पंगतीपर्यंत जिलबी आलीच नाही, ती चुटपुट. हळहळ मात्र जॅकच्या जुन्या खलाशासाठी, बॉन्डनसाठी, एकोणिसाव्यात बिचाऱ्याला काय उभ्या उभ्या उडवलाय.

शीड_सुटलं: अहो मी सतराव्यावर आहे!!

टिळकरोड: सॉरी. पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे पण.

बोलीभाषिक: मिक्स्ड फीलिंग्ज लिहा आणि मोकळे व्हा, काकूंनाही कळेल.

शुद्धमती: 'संमिश्र भावना' असताना?

बोलीभाषिक: संमिश्र प्रतिसाद बंदला मिळतो ताई. घरात कोणी म्हणतं का, आज माझ्या भावना संमिश्र आहेत?

शुद्धमती: रुखरुख 'रूक्ष'वरून आलाय असं मला कायम वाटत आलंय. मन कोरडं पडतं, म्हणून.

लोणचेवाली: मग चुटपुट काय चुटक्यावरून? कुरकुर, धुसफुस, तळमळ, हे सगळे कानाने आलेले शब्द, त्यांना संस्कृतात कशाला नेता.

खाडीपलीकडे: मुद्दा सोडून विचारतो, पुस्तकाच्या नावाचं मराठी काय केलंत? माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, मागच्या बुटक्या डोलकाठीला कलमी म्हणायचे. मिझन म्हणजे तीच. 'कलमीवर निळा' छान होईल.

टिळकरोड: कलमी म्हटलं की लोकांना आंबा दिसणार. निळा आंबा.

खाडीपलीकडे: दिसू दे. त्या काळी रिअर ॲडमिरलचा झेंडा मागच्या काठीवर, व्हाइसचा पुढच्या, पुऱ्या ॲडमिरलचा मधल्या, आणि लाल-पांढऱ्या-निळ्यात निळा सगळ्यात खालचा. म्हणजे जॅक शिडीच्या पहिल्या पायरीवर पोचला आणि मालिका संपली, हे 'निळा झेंडा' म्हणून कसं कळणार? आणि शब्द आपल्याकडे होते हो. ब्रिटिशांची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, सागवानाची, अजून इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. तिच्यावर खपलेले सुतार काय मिझन मिझन करत असतील?

बोलीभाषिक: करतही असतील, साहेब समोर उभा असताना.

मधली_आळी: मंडळी, माझा शब्द?

शीड_सुटलं: एकविसावा वाचलात का? ओब्रायन २००० च्या जानेवारीत गेले, जेवढं लिहून झालं होतं तेवढंच २००४ ला छापलं. मी घेऊन ठेवलाय.

मधली_आळी: माझ्याकडेही आहे. उघडत नाही. मध्येच तुटतो म्हणतात.

लोणचेवाली: मग राहिलंय की तुमच्या हातून! काकूंना सांगा, रुखरुखच.

शुद्धमती: मुद्दाम ठेवलेलं राहिलेलं कसं होईल? ती हुरहूरच. आणि वर कोणीतरी 'रुक्ष' असा ऱ्हस्व लिहिणारच आहे म्हणून आधीच सांगते, रू दीर्घ.

खाडीपलीकडे: वसई-पालघरकडचं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे कलमी डोलकाठीला म्हणतात की तिच्यावरच्या शिडाला? आत्याला फोन केला तर ती म्हणते शिडाला.