‘विहीर’ पुन्हा पाहिला. तुमच्या घरात असं न बोललेलं काही आहे?

सदाशिवकर
काल रात्री ‘विहीर’ सिनेमा परत बघितला. २०१० चा, उमेश कुलकर्णींचा. ‘वळू’, ‘देऊळ’ सगळ्यांना ठाऊक, मधला हा मात्र कुणाच्या गावीच नाही. निर्मिती बच्चनच्या कंपनीची, बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, तरी मी गेलो तेव्हा थेटर जवळपास रिकामं. शेजारचे काका तर मध्यंतरातच उठले.
मावशीच्या लग्नासाठी घर भरलंय आणि समीरचा भाऊ नचिकेत जातो. मोठी माणसं रडून आपापल्या कामाला लागतात, समीर एकटाच शोधत राहतो. तिथे मला आमचं घर दिसलं. मामेभाऊ गेला तेव्हा आम्हा पोरांना कुणी काही सांगितलं नाही, फक्त एका दुपारी त्याची बॅट दिसेनाशी झाली. आई तेव्हा मामीला बोलली होती, “एकट्याला पाठवलंच कशाला?” मग वर्षानुवर्षं अबोला. गेल्या दिवाळीत मामीचा फोन, भाजणीचं प्रमाण विचारायला! जिच्या चकल्या सगळी पेठ मागून नेते, ती विचारतेय. आईनेही गुमान सांगितलं. तासभर चाललं होतं. त्याचं नाव दोघींनी काढलं नाही.
तुमचंही लिहा, कसंही.

कोथरूडची_मुलगी
आई गं. मामी ग्रेट.
(कुकर लावलाय, नंतर लिहिते)

नाटकवेडा
आलोक राजवाडेचा नचिकेत!! आणि ज्योती सुभाष. बाकी मला शेवट कळला नव्हता, अजूनही कळलेला नाही. आवडला मात्र.

पिंपळपान
आजीचा दहावा, ओंकारेश्वर. मोठे काका आणि बाबा वाटणीवरून बोलत नव्हते. कावळा शिवेना. सगळे एकेक करून “नीट सांभाळून घेऊ” वगैरे कबूल करतायत, हे दोघे ढिम्म. शेवटी गुरुजी म्हणाले, उशीर होतोय, दर्भाचा कावळा करू. त्यावर दोघे एकदमच गुरुजींवर तुटून पडले, “आमची आई आहे, थांबा जरा!” तिथून जे बोलायला लागले ते घरी येईपर्यंत. कावळा आलाच नाही, दर्भाचाच केला.

सदाशिवकर
😂😂 गुरुजींना दक्षिणा जास्त द्यायला हवी होती.

वाडासंस्कृती
विहिरीवरून आठवलं, आमच्या वाड्यातली विहीर बिल्डरने बुजवली.

जुनापुणेकर
विहीर नसेल, हौद असेल. कात्रजच्या नळाचं पाणी यायचं, नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं.

वाडासंस्कृती
विहीरच. रहाट होता. मी पडलोय त्यात.

जुनापुणेकर
बरं.

अनामिक_आजी
आमचा थोरला गेला त्याला बरीच वर्षं झाली. यांनी त्याचा विषय घरात कधी काढू दिला नाही, मला राग यायचा. हे गेल्यावर कपाट आवरताना त्याची सगळी प्रगतिपुस्तकं मिळाली, यांच्या पेन्शनच्या फाइलमध्ये, वर्षवार लावलेली. पिक्चर मी बघणार नाही. नातवाने हे वाचायला दिलं म्हणून लिहिलं.

पिंपळपान
आजी, नमस्कार करते.

कोथरूडची_मुलगी
आजी 🙏 काय लिहू कळत नाहीये.
माझं: बाबा गेल्यावर दादा अमेरिकेतून आला आणि चौथ्या दिवशी म्हणाला फ्लॅट काढू, चेतक भंगारात दे. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग दीड वर्ष फक्त वाढदिवसाचे मेसेज. उन्हाळ्यात आला तेव्हा पार्किंगमध्ये बघते तर साहेब घामाघूम, चेतक तिरकी करून किक मारतायत. बाबा तशीच तिरकी करायचे. चालू नाही झाली. मी वरून स्पॅनर घेऊन गेले. सॉरी कुणीच म्हणालं नाही.

नाटकवेडा
चेतक कुठल्या सालची? मेव्हण्याला हवीये, पेपर क्लिअर असतील तर किंमत कळवा.

कोथरूडची_मुलगी
विकायची नाहीये हो. वाचा नीट.