प्रोसेसर १०० अंशांवर जातोय, मदत हवी आहे (तातडीने!)

धडपड्या (शनिवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. डेस्कटॉपचा प्रोसेसर भयंकर तापतोय. जरा काही जड उघडलं की पंखा गिरणीसारखा घरघरतो, दोन मिनिटांत सगळं गोगलगाय होतं आणि काल तर मशीन दोनदा आपोआप बंद पडलं. सोमवारी सकाळी एक व्हिडिओ द्यायचाय, एक्स्पोर्ट निम्म्यावर जाऊन मान टाकतो. विंडोज पुन्हा टाकून पाहिलं, काडीचा फरक नाही. पंखा फिरतोय. धूळ नाही. "नवीन घ्या" सोडून काहीही सांगा.

तळघर (९.२०)

कोणता प्रोसेसर? कूलर कोणता? तापमान कशात बघितलंत? मशीन नुसतं चालू असताना किती, कामाला लावल्यावर किती? पत्रिका न देता भविष्य विचारताय.

पाणचक्की (९.२६)

डोळे झाकून लिक्विड कूलर लावा, पंपाने पाणी फिरवून थंड करणारा. माझा २४० मिमीचा रेडिएटर आहे, रेंडर चालू असला तरी ६५ च्या वर जात नाही. प्रोसेसरच्या डब्यातून फुकट आलेल्या टीचभर कूलरकडून काय अपेक्षा करता?

धडपड्या (९.३१)

डब्यातलाच आहे हे कसं ओळखलंत? इंटेल आय५ १०४०० आहे. आणि तापमान १००, शीर्षकातच लिहिलंय की.

पाणचक्की (९.३३)

असे धागे डब्यातल्या कूलरचेच निघतात. (दिवा घ्या, म्हणजे हलक्यात घ्या.)

आडवा_स्क्रू (९.४०)

१०० म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. हल्लीचे प्रोसेसर तापायलाच बनवलेत. रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा एएमडीनेच सांगितलं होतं की भरपूर काम दिल्यावर ९५ ला पोचणं ही ठरवून केलेली गोष्ट आहे. आकडा बघणं बंद करा, निम्मा त्रास कमी होईल.

तळघर (९.४८)

त्या मालिकेचं इथे काय? १०४०० हा ६५ वॉटचा साधा प्रोसेसर, त्याची कमाल मर्यादा १०० अंश. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, तीच यांची गोगलगाय. वेग उतरवूनही भागलं नाही की मशीन जीव वाचवायला बंद पडतं. दोनदा बंद पडलंय, म्हणजे यांचं आभाळ दोनदा कोसळून झालंय.

धडपड्या, बाकीच्या प्रश्नांची उत्तरं राहिली.

वीजबिल (९.५५)

माझ्याकडे हाच प्रकार होता, पाच मिनिटांत सुटला. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करा. बस्स. टर्बो (गरजेला वेग वाढवायची प्रोसेसरची सोय) बंद होतो, प्रोसेसर थंडगार.

आडवा_स्क्रू (९.५८)

म्हणजे ताप आला की थर्मामीटर फोडायचा.

वीजबिल (१०.०१)

मगाशी "आकडा बघू नका" म्हणणारे तुम्हीच ना?

धडपड्या (१०.१५)

९९ करून पाहिलं. कमी होऊन ९३-९४ वर आलं, पण एक्स्पोर्टला आता दुप्पट वेळ दाखवतंय. तापमान एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये बघतोय. काही न करता ४८ ते ५२.

तळघर (१०.२२)

हे बरं झालं, नकळत चांगली चाचणी झाली. टर्बो बंद केल्यावर हा प्रोसेसर २.९ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. त्या वेगाला डब्यातला कूलर सहज पुरतो, तरी तुमचं ९४. म्हणजे कूलर लहान आहे हा मुद्दा निकाली. (पाणचक्की, ऐकताय ना?)

आता दोन गोष्टी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तेच काम पुन्हा चालवा. झाकण काढल्यावर दहा-पंधरा अंश उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. आणि काम सुरू करताक्षणी आकड्याकडे बघा. तो उडी मारतो की हळूहळू चढतो?

खुरपं (१०.३०)

एवढं कशाला? लिक्विड मेटल लावा. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात त्या साध्या पेस्टपेक्षा उष्णता कितीतरी पटीने वाहून नेतं. मी ग्राफिक्स कार्डला लावलंय, स्वर्ग आहे.

भिंगरी (१०.३४)

धडपड्या, हे अजिबात करू नका!! लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं. डब्यातल्या कूलरचा तळ बहुतेकदा ॲल्युमिनियमचा. शिवाय ते विजेचं वाहक आहे, एक थेंब बोर्डवर सांडला की शॉर्ट. सोमवारच्या व्हिडिओच्या आधी मदरबोर्डाचं तेरावं घालाल.

खुरपं (१०.३६)

काळजीपूर्वक लावलं तर सांडत नाही.

भिंगरी (१०.३७)

ज्यांनी धाग्यात प्रोसेसरचं नाव काळजीपूर्वक लिहिलं नाही ते हे काळजीपूर्वक लावतील?

धडपड्या (१०.५०)

मी इथेच आहे, वाचतोय सगळं.

झाकण काढून पाहिलं, जेमतेम दोन अंशांचा फरक. आणि उडीच मारतो. सिनेबेंचचं (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) बटण दाबलं की ५० वरून थेट ९७, एक सेकंदसुद्धा लागत नाही. बंद केलं की तितक्याच झटक्यात खाली ६० वर.

तळघर (१०.५६)

सापडलं बहुतेक. धुळीने किंवा कोंडलेल्या हवेने तापलं तर आकडा मिनिटामिनिटाने चढतो, कारण आधी कूलरचा धातू तापावा लागतो. एका सेकंदात पन्नासची सत्त्याण्णव होतात तेव्हा उष्णता कूलरपर्यंत पोचतच नसते. कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना धड टेकलेले नाहीत. आत्ता, काम चालू असताना कूलरच्या धातूच्या पात्यांना हलकेच बोट लावा, पंख्यापासून लांब. कोमट असतील.

एक विचारू? कूलर कधी काढला होता का?

धडपड्या (११.०४)

हो, पाती अगदीच कोमट आहेत!! उलट मला वाटलं कूलर छान चाललाय.

कूलर मागच्या आठवड्यात काढला होता की, साफ करायला. म्हणून तर लिहिलं धूळ नाही.

भिंगरी (११.०५)

🤦

आडवा_स्क्रू (११.०६)

आणि तापायला कधीपासून लागला हो? मागच्या आठवड्यापासून?

धडपड्या (११.०९)

हो, पण साफ केल्यावर थंड व्हायला हवा ना? म्हणून तो संबंध मी लावलाच नाही.

तळघर (११.१०)

परत बसवताना पेस्ट नवी लावली का?

धडपड्या (११.१२)

जुनी होती की लागलेली. करड्या रंगाची, दोन्हीकडे थोडी थोडी. चांगली बरीच होती म्हणून तशीच ठेवली.

टिचकी (११.१८)

कूलर काढताना जपून हां. सरळ वर खेचला तर पेस्टला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी मशीन थोडं चालवून गरम करायचं, मग कूलर डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवायचा.

भिंगरी (११.२१)

सल्ला सोन्यासारखा, पण एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठी. यांच्या इंटेलच्या सॉकेटात प्रोसेसरवर धातूची चौकट दाबून बसलेली असते, तो उपटून येत नाही. पिनाही प्रोसेसरला नसतात, सॉकेटात असतात.

टिचकी (११.२२)

पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

तळघर (११.३५)

एकदा टेकून सुटलेली पेस्ट परत दाबली तर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. ती पुसावीच लागते. चष्म्याचं मऊ कापड, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही पृष्ठभाग लखलखेपर्यंत. मग नवी पेस्ट मधोमध, वाटाण्याच्या दाण्याएवढी. पसरवू नका, कूलर दाबल्यावर आपसूक पसरते.

पण मला पेस्टपेक्षा कूलर बोर्डला धरून ठेवणाऱ्या पिनांचा संशय जास्त आहे. नुसत्या जुन्या पेस्टने एवढी उडी सहसा येत नाही. त्या कूलरला चार कोपऱ्यांत चार काळ्या टोप्या आहेत, प्रत्येकीवर बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवला की पिन सुटते. बसवताना मात्र ती आधी उलट फिरवून मूळ जागी आणावी लागते, नाहीतर कितीही दाबा, वर येते. दाबायच्या तिरप्या जोडीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, टक्क असा आवाज येईपर्यंत. चारही दाबल्यात का?

धडपड्या (११.४०)

चारही दाबल्या होत्या. टक्क तीनदा ऐकल्याचं आठवतंय. चौथीला वाटलं माझ्याच लक्षात आलं नसेल.

तळघर (११.४१)

मशीन बंद करा, वायर काढा, दुसरं झाकण उघडा आणि बोर्डच्या मागच्या बाजूने टॉर्च मारा. बहुतेक कॅबिनेटमध्ये तिथे चौकोनी खिडकी असते.

खुरपं (११.५०)

पेस्ट नसेल तर रात्रीपुरती टूथपेस्ट चालते. मी करून बघितलंय, खरंच चालते.

भिंगरी (११.५२)

चालते, पाणी उडून खडू होईपर्यंत. यांना रात्रभर एक्स्पोर्ट चालवायचाय. तुम्ही यांचे मित्र आहात की शत्रू?

धडपड्या (रविवार, दुपारी १.२५)

काल रात्री टॉर्च मारला. मागून चार भोकांतून चार पांढरे पाय आलेले दिसतात. तीन पायांमध्ये काळी खीळ पूर्ण घुसून पाय दोन बाजूंना फाकलेत. चौथ्यात, रॅमच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, खीळ आलेलीच नाही. पाय मिटलेलाच, नुसता भोकात उभा. आणि वरून बघितलं तर त्याच कोपऱ्यातली टोपी बाणाकडे फिरवलेली! काढताना फिरवली होती ती तशीच राहिली. कूलरच्या त्या कोपऱ्यात बोटाने दाबलं तर चक्क हलला. आठवडाभर तीन पायांवर उभा होता बिचारा.

सकाळी मित्राकडून पेस्ट आणली, सगळं पुसलं. प्रोसेसरवर जुन्या पेस्टचा ठसा फक्त तीन बाजूंना दाबलेला दिसत होता, चौथ्या कोपऱ्याकडे जाड ढिगारा तसाच. टोप्या फिरवून जागेवर आणल्या, तिरपं-तिरपं दाबलं, चार टक्क. मोजले.

ते ९९ टक्केही परत १०० केलं. आता काही न करता ३६. सिनेबेंच दहा मिनिटं चालवलं, सुरुवातीला ८१ ला गेलं आणि मग उतरून ७२ वर थांबलं. ते सुरुवातीचं ८१ काय आहे? अजून काही चुकलंय का?

तळघर (१.४०)

काही चुकलेलं नाही. ६५ वॉट हा दीर्घकाळचा आकडा. सुरुवातीच्या काही क्षणांपुरती या प्रोसेसरला त्याच्या दुपटीच्या आसपास वीज घ्यायची मुभा असते, इंटेलच्या ठरलेल्या सेटिंगप्रमाणे २८ सेकंद. मग तो ६५ वर येतो. तुमचं ८१ त्या अर्ध्या मिनिटातलं. ९९ टक्के परत १०० केलंत ते बरं केलंत, नाहीतर उगाच रखडला असता.

वीजबिल (१.४४)

परत ९९ करा म्हणतो मी. पंख्याचा आवाजही कमी येतो.

पाणचक्की (१.५२)

७२ म्हणजे माझ्यापेक्षा सातने जास्तच. सवडीने विचार करा.

आडवा_स्क्रू (१.५५)

तुमचा पंप बंद पडला की तुमच्याकडे एक महागडा ठोकळा उरेल. यांच्याकडे निदान पाती असलेला ठोकळा आहे.

पाणचक्की (१.५७)

पंप बंद पडायला लागला की आधी गुरगुर ऐकू येते, एक नळी गरम आणि दुसरी गार लागते. लक्ष असलं की कळतं. इथे आठवडाभर कूलर लटकला होता, ते कुणाला कळलं?

धडपड्या (२.३०)

एक्स्पोर्ट लावलाय, ६३ टक्के झालाय, ७० वर स्थिर. तळघर, शतशः आभार. भिंगरी, टूथपेस्टपासून वाचवल्याबद्दल तुमचेही. १०० टक्के होईपर्यंत मी मशीनला हात लावणार नाही, हे फोनवरून लिहितोय.

गवतफुला_२ (सायंकाळी ६.०८)

छान धागा, खूप शिकायला मिळालं. माझा लॅपटॉपही असाच तापतो. त्याच्या त्या चार पिना कुठे असतात?

तळघर (६.२१)

लॅपटॉपला नसतात. नवीन धागा काढा आणि मॉडेल लिहा. पहिल्याच पोस्टमध्ये.