टीव्हीवरचा प्रचार १९६० च्या आधीच सुरू झाला होता

बऱ्याचदा म्हटलं जातं की अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा टीव्हीवरचा प्रचार १९६० च्या केनेडी-निक्सन या उमेदवारांच्या डिबेटपासून सुरू झाला, पण खरी सुरुवात १९५२ ला त्या वेळचा उमेदवार आयझेनहॉवरने केली. रॉसर रीव्हज नावाच्या जाहिरातवाल्याने सामान्य माणसांच्या प्रश्नांना उमेदवाराची उत्तरं अशा टीव्ही जाहिरातींसाठी त्याच्याकडून वीस-वीस सेकंदांची उत्तरं एका दिवसात चाळीसेक शूट करून घेतली, चष्मा काढायला लावला, म्हणून मग समोरच्या पुठ्ठ्यांवर भलीमोठी अक्षरं, आणि गंमत म्हणजे प्रश्न विचारणारी माणसं तिथे नव्हतीच, त्यांचं शूटिंग नंतर वेगळं करून जोडलं. समोर विरोधी उमेदवार स्टीव्हनसन, माणूस विद्वान, पण त्याने टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाची भाषणं दिली, तीही रात्री उशिरा, आणि भाषण लांबलं की वेळ संपून मधेच कट! मला तर स्टीव्हनसनबद्दल अजूनही वाईट वाटतं.