शब्दचर्चा: ‘रिलॅप्स’ला आपल्याकडे काय म्हणतात?

तापीकाठ (अमळनेर): गावातल्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीसाठी मराठीत पत्रक करतोय, तीन शब्दांवर अडलोय. ‘पिअर सपोर्ट’ला (त्याच त्रासातून गेलेल्यांनी एकमेकांना दिलेला आधार) कच्च्या खर्ड्यात ‘समवयस्कांचा आधार’ लिहिलं होतं. वाचून दाखवलं तर साठी उलटलेले एक आप्पा शेजारच्या पंचविशीतल्या पोराकडे बोट करून म्हणाले, “हाऊ पोऱ्या मना समवयस्क कसा व्हई?” सगळे हसले, शब्द तिथेच मेला. आणि हे दोघं तर रोज संध्याकाळी पाराजवळ एकत्र चहा पितात. बाकीचे दोन: ‘हार्म रिडक्शन’ (सुटत नसेल तोवर निदान नुकसान कमी करणं) आणि ‘रिलॅप्स’ (सोडल्यावर पुन्हा सुरू होणं). सुचवा.

शब्दवेल्हाळ: शाळेत पिअर म्हणजे समवयस्क, ठीक. इथे वय नाही, भोग सारखा. तयार शब्द आहे की: समदुःखी.

केळीबाग (रावेर): समदुःखी तर गुत्त्यावरही भेटतात, तिथे दुःख वाटूनच पितात! त्याच वाटेने गेलेला पण थोडा आधी बाहेर पडलेला माणूस हवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचीच संघटना, 1935 साली अमेरिकेत सुरू झालं ते दोन दारुड्यांच्या बोलण्यातून, पण त्यातला एक काही महिने आधीच थांबलेला होता. नव्याला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याला ते ‘स्पॉन्सर’ म्हणतात, त्या शब्दाचं मात्र आमच्याकडे हसं होतं. कबड्डीच्या टी-शर्टावर ज्याचं नाव, तो स्पॉन्सर. आम्ही ‘सोबती’ म्हणतो.

नगरी: आमच्याकडे शेतीत ‘सावड’ असते. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. सावडीत कोणी कोणावर उपकार करत नाही.

तापीकाठ: सावड आवडला, पण इकडे फोड करून सांगावा लागेल. सोबती घेतो.

पांढरा कोट (धुळे): मी परिचारिका. ‘हार्म रिडक्शन’ला ‘हानी-न्यूनीकरण’ लिहू नका, जिभेला गाठ पडते. आधी मुंबईत सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या सरकारी केंद्रावर होते. नवी सुई द्यायची, वापरलेली परत घ्यायची, म्हणजे एचआयव्ही आणि कावीळ एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी (गर्दसारख्या नशेऐवजी देतात ते औषध) जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत माणसाने समोर बसायचं. ‘सोडतोस का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी नसायचाच. दारूतही तसंच. ज्याची अजून सुटत नाही, त्याने मोटरसायकलची किल्ली आधी घरात द्यावी, उपाशीपोटी पिऊ नये. ‘नुकसान आवरणं’ म्हणा. आणि पत्रकात एक ओळ घालाच: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. शपथ घालणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसतं.

शब्दवेल्हाळ: थोडं विषयांतर. ‘व्यसन’चा संस्कृतातला मूळ अर्थ संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक अख्खं अधिकरण व्यसनांचं आहे, त्यात राजा, अमात्य, कोश यांच्यावर येणारी संकटं आहेत; शिकार, जुगार, मद्यपानही तिथेच येतं. म्हणजे ‘व्यसनी’ हा मुळात संकटात सापडलेला. आपण त्याची शिवी केली. ‘विद्याव्यसनी’ मात्र अजून कौतुकाचा!

केळीबाग: मग रिलॅप्सला ‘पुनर्पतन’ नको. त्यात पतिताचा वास येतो.

पांढरा कोट: आणि एकदा पिणं आणि पुन्हा रोज सुरू होणं यात उपचार करणारे फरक करतात. शब्द दोन लागतील.

तापीकाठ: पहिला आमच्या बैठकीतच आहे. एकाने लग्नात दोन पेग घेतले, दुसऱ्या दिवशी खाली मान घालून आला. आप्पाच म्हणाले, “घसरना, पडना नही.”

नगरी: आणि दुसऱ्यासाठी आजी म्हणायची तो घ्या. टायफॉईड ‘उलटला’, दुखणं ‘उलटलं’. उलटतं ते दुखणं, माणूस नाही.

शब्दवेल्हाळ: वा! इतका वेळ आपण कोश चाळतोय आणि शब्द आजीच्या तोंडात.

तापीकाठ: ठरलं. ‘बिमारी उलटनी’ इथे कोणालाही कळेल. शेवटची ओळ अशी करतो: ‘घसरलात तर दुसऱ्या दिवशी पाराजवळ या, सोबती असतील.’

केळीबाग: वेळ टाका.

तापीकाठ: संध्याकाळी सात. आधी गुत्त्याची होती तीच.