बारा आठवड्यांत कुठली संस्था काही विकत घेते?

आडवी रेघ
परवाच्या एका धाग्यात ठणकावून सांगितलं होतं की शिक्षणाचं स्टार्टअप काढायला विद्यापीठातल्या मुलांइतकं लायक कोणी नाही, कारण 'ग्राहक तेच आहेत'. इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्रात) बारा आठवडे काढा, डेमो डेला गुंतवणूकदारांसमोर उभे राहा, पुढचं आपोआप होतं. खाली 'वा वा'ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ग्राहक तेच नाहीत. वापरतो विद्यार्थी, निवडतो शिक्षक, पैसे मंजूर करतो विभागप्रमुख किंवा संस्था, आणि 'आमच्या सर्व्हरला हात लावायचा नाही' असं म्हणायचा हक्क आयटीवाल्याचा. ही चार वेगळी माणसं आहेत. पहिल्या आठवड्यात मेंटॉर सांगतो की ग्राहकांशी बोला. टीम पन्नास मुलाखती घेऊन येते आणि पन्नासच्या पन्नास वर्गमित्रांच्या असतात. 'असं अ‍ॅप आलं तर वापरशील का?' या प्रश्नाला मित्र 'नाही' म्हणत नाही. प्रश्न मागच्या परीक्षेचा हवा: अडलास तेव्हा नक्की काय उघडलंस, किती वेळ गेला, पैसे दिलेस का. उत्तरं लगेच बदलतात.

आता कॅलेंडर. साधारण आराखडा असा असतो: आठवडा 1 ते 3 मुलाखती, 4 ते 6 प्रोटोटाइप, 7 ते 10 पायलट (खऱ्या वर्गात वापरून बघणं), 11 आणि 12 पिचची तालीम. संस्थेचं बजेट मात्र वर्ष सुरू होण्याच्या काही महिने आधीच ठरलेलं असतं. त्यांना पायलट पूर्ण सत्राचा हवा असतो आणि खरेदीचा निर्णय होतो त्यानंतरच्या बजेटात. पहिल्या भेटीपासून पहिल्या बिलापर्यंत वर्ष सहज जातं. त्यातून सातवा आठवडा परीक्षेत पडला, की पायलटला वर्गच मिळत नाही. मग डेमो डेच्या स्लाइडवर 'नोंदणी केलेले वापरकर्ते' येतात, कारण दाखवायला दुसरं काही उरलेलं नसतं.

शून्यशेष
तुम्ही ज्याला शिव्या घालताय तो इन्क्युबेटर नाहीच. ठरावीक आठवडे, तुकडी, शेवटी डेमो डे हा अ‍ॅक्सलरेटर; हा साचा 2005 साली वाय कॉम्बिनेटरने रूढ केला. इन्क्युबेटर म्हणजे जागा, सामायिक सोयी, सल्ला, आणि मुक्काम वर्ष-दोन वर्षांचा. पहिला 1959 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हियात, बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत जोसेफ मॅन्क्युसोने सुरू केला. भाडेकरूंत एक कोंबड्यांची पिल्लं उबवणारी कंपनी होती, त्यावरूनच हे नाव. विद्यापीठं सर्रास दोन्हीला एकच पाटी लावतात, हा वेगळा घोळ.

आणि विद्यार्थ्यांना जमत नाही म्हणता? कॅनव्हास, म्हणजे विद्यापीठं अभ्यासक्रम चालवायला वापरतात ते सॉफ्टवेअर, कोणी काढलं? ब्रिगहम यंग विद्यापीठातल्या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, 2008 साली.

आडवी रेघ
जमत नाही असं कुठे म्हटलं? बारा आठवड्यांत जमत नाही म्हटलं. कॅनव्हासचंच घ्या. 2008 ला सुरुवात, आणि युटाच्या राज्यव्यापी शिक्षण नेटवर्कने ते घ्यायचं ठरवलं डिसेंबर 2010 मध्ये. शिवाय ते विकत होते ती वस्तू संस्था आधीपासून पैसे मोजून वापरतच होत्या. बजेटात त्या नावाची ओळ होती, फक्त पुरवठादार बदलायचा होता. विद्यार्थ्यांच्या दहांपैकी नऊ कल्पनांसाठी अशी ओळच नसते.

नावाची चूक मान्य. कोंबड्या परत खुराड्यात घाला.

खडूचा कण
पायलटवर कोणी बोलणार आहे की नाही?

'पायलटमध्ये गुण 18 टक्क्यांनी वाढले' हे वाक्य वाचलं की पाच प्रश्न विचारावेत. वर्ग कोणी निवडला? (हौशी शिक्षकाने, स्वतःचा चांगला वर्ग.) मुलं स्वेच्छेने आली का? (आली. अभ्यास करणारीच येतात.) मध्येच सोडून गेलेल्यांचे गुण सरासरीत धरले का? (नाही.) पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी सारख्याच कठीण होत्या का? शेवटचा: उत्तरचाचणीतले प्रश्न अ‍ॅपमध्ये आधीच येऊन गेले होते का? यावर बहुतेक टीम गप्प होतात.

आकडेच हवेत तर घ्या. 0.5 इतका मध्यम परिणाम (दोन गटांच्या सरासरीतला फरक, प्रमाण विचलनाच्या मापात) 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात 64 मुलं लागतात. परिणाम 0.2 चा असेल तर जवळपास 400. तेही प्रत्येक मूल चिठ्ठी टाकून गटात घातलं तर. अख्खा वर्गच गटात घातला की एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी निघतात. वर्ग 30 चा आणि वर्गांतर्गत सहसंबंध (हे सारखेपण मोजणारा आकडा) 0.2 धरला, तर संख्या 6.8 ने गुणायची. 64 चे 435 झाले, म्हणजे प्रत्येक बाजूला 15 वर्ग. विद्यार्थ्यांच्या टीमकडे असतात दोन.

दोनच असतील तर 'गुण वाढले' म्हणूच नका. चौथ्या आठवड्यात किती मुलं न सांगता परत आली, शिक्षकाने दुसऱ्या प्रकरणालाही स्वतःहून वापरलं का, एवढंच सांगा.

जाता जाता: प्रत्येक पिच डेकमध्ये (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडमध्ये) ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाचा 'टू सिग्मा' का असतो, म्हणजे एकेकट्याच्या शिकवणीने मुलं दोन प्रमाण विचलनं पुढे जातात हा दावा? 1984 चा लेख. ते प्रयोग साधारण तीन आठवड्यांचे, आणि शिकवणी मिळालेल्या मुलांना पुढे जायला 90 टक्क्यांची अट, तर वर्गातल्या प्रभुत्व गटाला (एक भाग पक्का झाल्यावरच पुढे जाणाऱ्या) 80 ची. व्हॅनलेनच्या 2011 च्या आढाव्यात माणसाची शिकवणी 0.79 आणि पायरीपायरीने मदत करणारी संगणकी शिकवणी 0.76 निघाली. हा आकडा तर स्टार्टअपवाल्यांच्या जास्त कामाचा, पण तो कोणी लावत नाही. दोन हा आकडा मोठा दिसतो ना.

मधली सुट्टी
कण, हे बरोबर, पण पायलट त्याच्याही आधी मरतो. लॉगिनमध्ये. 40 मुलांच्या तासात दहा मिनिटं 'पासवर्ड आठवत नाही'त गेली की शिक्षक दुसऱ्यांदा बोलावत नाही. उपाय कंटाळवाणे आहेत. हजेरीची यादी सीएसव्ही फाइलने (साध्या तक्त्याच्या फाइलने) स्वतः आत घ्या, मुलांना नोंदणी करायला लावू नका. संस्थेचं सिंगल साइन-ऑन (एकाच खात्याने सगळीकडे लॉगिन) असेल तर तेच वापरा. एलएमएसमधून (कॅनव्हाससारख्या प्रणालीतून) उघडायचं असेल तर एलटीआय 1.3 (तिला बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायचं मानक) करा, 1.1 ची जुनी ट्युटोरियल बघून सुरू करू नका. नंतर सगळं उपसावं लागतं. आणि वर्गातल्या वायफायवर एकाच मिनिटाला 40 यंत्रं सुरू करून बघा, घरच्या नेटवर नाही.

शाळकरी मुलं असतील तर पालकांची संमती हा वेगळाच डोंगर. अमेरिकेत 13 खाली, युरोपात देशागणिक 13 ते 16. फॉर्म परत यायला दोन-तीन आठवडे धरा. बारातले तीन तिथेच गेले.

तिसरा बाक
लॉगिन, वायफाय, सिग्मा. खरा बॉम्ब कोणी बोलतच नाही: पदवी.

चार मित्र, कंपनीत 25-25 टक्के वाटा, कागद काही नाही. शेवटच्या सत्रात एकाला नोकरी लागते आणि तो जातो. 25 टक्के त्याच्याकडेच. इन्क्युबेटरला 6 टक्के दिले, त्याचे 23.5 राहिले. कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के बाजूला काढले, 21.15. पहिल्या गुंतवणूकदाराने 20 टक्के घेतले, 16.92. म्हणजे बोटही न हलवणारा माणूस जवळपास 17 टक्के धरून बसलाय. हे गणित बहुधा पुढे जातच नाही, कारण कॅप टेबलमधली (कोणाकडे किती वाटा, त्या तक्त्यातली) ही ओळ पाहून गुंतवणूकदार फाइल मिटतो.

औषध एकच. चार वर्षांचं व्हेस्टिंग (वाटा एकदम न मिळता काळानुसार हळूहळू मिळणं), एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी गेला तर काहीच नाही), पहिल्या दिवशी चौघांच्या सह्या. मैत्री वगैरे नंतर.

अधोरेखित
पूर्ण असहमत. क्लिफ हा कोडवाल्यांनी कोडवाल्यांसाठी केलेला नियम आहे.

शिक्षणाच्या स्टार्टअपमध्ये मजकुराचं काम आधी येतं आणि एकदम येतं. समजा एकीने नऊ महिन्यांत 1200 प्रश्न लिहिले. प्रत्येकाला चार पर्याय, चुकीचा प्रत्येक पर्याय मुलं खरंच जी चूक करतात त्यावर बेतलेला, शिवाय स्पष्टीकरण. एका प्रश्नाला तपासणी धरून वीस मिनिटं, म्हणजे 400 तास. दहाव्या महिन्यात ती गेली. तुमच्या औषधाप्रमाणे तिला शून्य, आणि प्रश्न अ‍ॅपमध्येच. याला वेठबिगारी म्हणतात.

तिसरा बाक
भावना छान आहेत. व्हेस्टिंग म्हणजे मजुरी नव्हे, राहण्याचा मोबदला आहे. आणि सरळ हिशोब केला तरी 48 पैकी 9 महिने म्हणजे वाट्याचे 18.75 टक्के, कंपनीचे 4.69. पंचवीसची स्वप्नं कशाला?

अधोरेखित
मग 4.69 द्या ना! पंचवीस मागितले कोणी? आकडा तुमचाच, तुमच्याच तोंडून. क्लिफमुळे तो शून्य होतो, एवढंच म्हणतेय. कॅप टेबल वाचता येतं, समोरच्याचा प्रतिसाद वाचता येत नाही.

तिसरा बाक
क्लिफ नसला तर तीन आठवडे येऊन गायब होणाराही शेअर घेऊन जाईल. विद्यार्थ्यांच्या टीममध्ये असे किती असतात माहीत आहे का? उत्साह पहिल्या परीक्षेपर्यंतच असतो.

शून्यशेष
दोघंही थांबा. क्लिफ सहा महिन्यांचा ठेवता येतो, तीन आठवडेवाला तसाही गळतो. मोजणी कंपनी नोंदल्याच्या तारखेपासून न धरता काम सुरू झाल्याच्या तारखेपासून धरा, आणि ती तारीख करारात लिहा. विद्यार्थ्यांमध्ये या दोन तारखांत सहा-आठ महिने सहज जातात, आणि सगळी भांडणं त्याच फटीत होतात.

पण बाक, तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. कंपनी होण्याआधी लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. कोडचंही तसंच. लेखी हस्तांतरण नसेल तर ती शून्य शेअर घेऊन बाहेर पडेल आणि सांगेल, माझे 1200 प्रश्न उतरवा. अ‍ॅपमध्ये उरेल लॉगिनचं पान. शून्य देणं स्वस्त पडत नाही.

तिसरा बाक
म्हणजे ब्लॅकमेल.

अधोरेखित
त्याला कॉपीराइट म्हणतात.

तिसरा बाक
बरं. क्लिफ सहा महिने, हस्तांतरणाच्या कागदावर सही त्याच दिवशी, त्याच टेबलावर. समाधान? पण सही आधी, प्रश्न नंतर.

खडूचा कण
त्या 1200 पैकी प्राध्यापकांच्या स्लाइडमधून किती उचलले? चौकशी करा, कारण जे तुमचं नाही त्याचं हस्तांतरणही करता येत नाही. मागच्या परीक्षांचे प्रश्न, पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या, कोणाच्या तरी नोट्स, हे सगळं पायलटपुरतं चालून जातं आणि गुंतवणूकदाराच्या वकिलाच्या हाती लागतं. पहिल्या दिवसापासून तक्त्यात चार रकाने ठेवा: प्रश्न, कोणी लिहिला, कशावरून, परवाना.

विद्यापीठाचं धोरणही वाचा. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळात केलेलं काम विद्यार्थ्याचंच राहतं. पण प्रकल्पाच्या अनुदानातून, संशोधन साहाय्यक म्हणून पगार घेताना किंवा प्रयोगशाळेची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरून केलं असेल तर विद्यापीठ हक्क सांगू शकतं. चौघांपैकी एक जरी साहाय्यक असला तरी आधीच लेखी विचारून घ्यावं.

अधोरेखित
माझी काल्पनिक बाई स्वतःचे प्रश्न लिहिते. पण चार रकाने मान्य. पाचवा घाला: कोणी तपासला. गणितात एका चुकीच्या उत्तराने शिक्षक अ‍ॅप कायमचं बंद करतो.

आडवी रेघ
धागा कॅलेंडरचा होता. आठवण करून देतो, बाकी काही नाही.

मधली सुट्टी
बरं, कॅलेंडर. उलटं मोजा. सत्र 15 आठवड्यांचं धरा. पहिले दोन वाया, कारण मुलं विषय बदलतात आणि यादी रोज वेगळी. शेवटचे तीन परीक्षेचे, तेव्हा नवीन काही कोणी वापरत नाही. पायलटला उरतो तिसरा ते बारावा. म्हणजे चालणारं अ‍ॅप सत्राच्या पहिल्या दिवशी हवं, आणि ते सुट्टीतल्या सहा आठवड्यांत बांधायचं. शिक्षकांच्या मुलाखती मात्र सुट्टीत मिळत नाहीत, त्या आधीच्या सत्रात घ्यायच्या, परीक्षेच्या गडबडीआधीचे चार आठवडे. चार, मग परीक्षेचे तीन, मग सहा, मग बारा.

आडवी रेघ
पंचवीस. बाराचे पंचवीस झाले, आणि अजून कोणी बिल फाडलेलं नाही. मी दुसरं काय म्हणत होतो?

शून्यशेष
आणि पंचवीस आठवडे बसायला जागा देऊन वर थांबायची तयारी ठेवतो, त्याला इन्क्युबेटर म्हणतात. दुसऱ्या प्रतिसादात तेच लिहिलं होतं. बटेव्हियातल्या त्या इमारतीत...

आडवी रेघ
कोंबड्या पुन्हा आल्या तर संपादकांना धागा वाचनमात्र करायला सांगेन.